दिवसभर वाचणाऱ्यांना ४के कधी देणार? स्क्रीन बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
टीव्ही आणि मॉनिटर बनवणाऱ्या सर्व कंपन्या, एचडीएमआय फोरम आणि स्ट्रीमिंग सेवा

महोदय,

मी मुद्रितशोधक आहे. छपाईला जाण्याआधी मजकूर वाचायचा, चुका हेरायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे माझे काम. पूर्वी ते कागदावर चालायचे, आता जवळजवळ सगळे स्क्रीनवर चालते. त्यामुळे तुम्ही कोणती स्क्रीन कोणासाठी बनवता आणि काय भावाने विकता, याच्याशी माझ्या डोळ्यांचा आणि पोटाचा थेट संबंध आहे.

नुकतेच आमच्या कार्यालयातले जुने मॉनिटर काढून नवे बसवले. जुने २२ इंची होते, नवे २७ इंची आहेत. कडा बारीक, स्टँड भक्कम, खोक्यावर १०० हर्ट्झ (म्हणजे चित्र सेकंदाला १०० वेळा रंगवले जाते) ठळक छापलेले. रिझोल्यूशन, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची (पिक्सेलची) आडवी-उभी संख्या, मात्र जुन्याइतकीच: १९२०×१०८०, म्हणजे फुल एचडी. जेवढे पिक्सेल २२ इंचांत दाटीने बसले होते तेवढेच आता २७ इंचांत पसरले. इंचाला साधारण १०० पिक्सेल होते, ते ८२वर आले. वस्तू नवी आली आणि अक्षर आधीपेक्षा खराब झाले. त्याच मजल्यावर बैठकीच्या खोलीत भिंतीवर ५५ इंची ४के (३८४०×२१६०) टीव्ही आहे. त्यावर अधूनमधून तक्ते दाखवतात. जिथे माणसे दिवसभर वाचत बसतात तिथे २० लाख पिक्सेल, आणि जिथे कुणी फारसे वाचत नाही तिथे ८३ लाख.

मी चौकशी केली. खरेदी पाहणाऱ्यांचे म्हणणे असे, की या किमतीत सगळ्याच कंपन्यांचे मोठे मॉनिटर असे येतात. ४के हवा असेल तर वरची श्रेणी घ्यावी लागते आणि ती परवडत नाही. टीव्हीच्या बाबतीत नेमके उलटे आहे. मोठा टीव्ही घ्यायला जावे तर ४के नसलेलाच शोधत बसावा लागतो. हा उफराटा प्रकार आपोआप झालेला नाही. तो तुम्ही घेतलेल्या निर्णयांमधून आलेला आहे, आणि तो मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

कमी पिक्सेलमध्ये अक्षराचे काय होते, ते आधी सांगतो. ‘कार्यकर्त्यांनी’ हा शब्द घ्या. त्यात ‘र्त्यां’ या अक्षरावर रफार आणि अनुस्वार एकाच जागी, काना-शिरोरेषेच्या वर, एकमेकांना खेटून येतात. नेहमीच्या आकारात उघडलेल्या मजकुरात त्या जागेच्या वाट्याला जेमतेम तीन-चार पिक्सेल येतात. तेवढ्यात रफाराचा आकडा आणि अनुस्वाराचा टिंब दोन्ही बसवायचे म्हणजे राखाडी डाग तयार होतो. अनुस्वार आहे की गाळला आहे, हे डागावरून कळत नाही. ‘रु’ आणि ‘रू’ यांच्यातला फरक असाच काही पिक्सेलांचा. ‘उत्कृष्ट’ की ‘उत्कृष्ठ’, ‘द्ध’ की ‘द्व’, ‘घ’ की ‘ध’, हे ओळखण्यासाठी मजकूर मोठा करावा लागतो, मग ओळ स्क्रीनबाहेर जाते, मग पुन्हा लहान करावा लागतो. दिवसभर हेच चालते. लॅटिन लिपीची अक्षरे त्या मानाने मोकळी आहेत, ती कमी पिक्सेलमध्ये निभावून जातात. देवनागरी, बंगाली, तमिळ, चिनी, जपानी या लिप्यांना एका अक्षराच्या जागेत कितीतरी अधिक रेषा मावाव्या लागतात. कमी रिझोल्यूशनचा सगळ्यात मोठा भार या लिप्या वाचणाऱ्यांवर पडतो, आणि तुमच्या एकाही जाहिरातीत आमचा विचार दिसत नाही. तुमच्या जाहिरातींत नेहमी पोपट असतात, धबधबे असतात, फुटबॉलचे मैदान असते. मजकुराचे पान त्यांत मी अजून पाहिलेले नाही.

आता हिशेब. सर्वसाधारण निरोगी डोळ्याला दृष्टीच्या कोनाच्या एका अंशात ६० पिक्सेलपर्यंत वेगळेपण कळते, असे पूर्वापार धरले जाते. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी २०२५मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा आकडा काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी ९४पर्यंत जातो, असे दिसले. म्हणजे आपण समजत होतो त्यापेक्षा डोळे तीक्ष्ण आहेत. तुमच्यापैकी काहींना हे ८केच्या, म्हणजे ४केच्या चौपट पिक्सेलांच्या, बाजूने बोलणारे संशोधन वाटेल. म्हणून हाच मोठा आकडा धरून गणित करतो. ५५ इंची टीव्ही फुल एचडी असेल तर साधारण ३.४ मीटरच्या पुढे त्याचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. ४के असेल तर १.७ मीटरच्या पुढे. ८केचा फायदा घ्यायचा तर १.७ मीटरपेक्षा जवळ बसावे लागेल, आणि ५५ इंची टीव्हीच्या इतके जवळ बसून कुणी रोज टीव्ही पाहत नाही. आता २७ इंची मॉनिटर घ्या. फुल एचडीचे पिक्सेल जवळपास १.७ मीटरपर्यंत दिसतात. ४केचे ८४ सेंटीमीटरपर्यंत. ५१२०×२८८०, म्हणजे ५केचे, ६३ सेंटीमीटरपर्यंत. टेबलापाशी बसलेल्या माणसाचे डोळे स्क्रीनपासून साधारण ६० सेंटीमीटरवर असतात. म्हणजे टेबलावर ४केसुद्धा डोळ्याच्या मर्यादेपेक्षा कमी पडते; खरी गरज ५केची आहे. अधिक रिझोल्यूशनचा लाभ पदरात पडेल अशी जागा एकच आहे, आणि ती वाचणाऱ्याच्या समोर आहे.

तुम्ही तिथेच हात आखडता घेतला.

तुमच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. ५५ इंची ४के टीव्हीत इंचाला ८०च पिक्सेल असतात. आमच्या २७ इंची फुल एचडी मॉनिटरइतकेच. त्यामुळे टीव्हीत ४के देणे कारखान्याला तुलनेने सोपे आहे. पिक्सेल लहान करत गेले की प्रत्येक पिक्सेलमधली तारा आणि ट्रान्झिस्टर यांची जागा तेवढीच राहते, प्रकाश बाहेर पडायची खिडकी आकसते, मागचा दिवा अधिक प्रखर ठेवावा लागतो. शिवाय तुम्ही काचेचे प्रचंड कारखाने मोठ्या टीव्हींसाठी उभे केले. १०.५व्या पिढीच्या कारखान्यात काचेचा एक पत्रा जवळपास ३ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असतो, आणि त्यातून ६५ इंची आठ पॅनेल कापून निघतात. अशा कारखान्यांमुळे मोठे टीव्ही स्वस्त झाले, हे खरे. पण दाट पिक्सेलचे पॅनेल तुम्हाला जमत नाही, हे खरे नाही. २००१मध्ये आयबीएमने २२ इंची, ३८४०×२४०० पिक्सेलचा मॉनिटर विकायला काढला होता. इंचाला २०४ पिक्सेल. तो चालवायला एकापेक्षा अधिक केबल लागत आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती, पण ती वस्तू होती. २०१०मध्ये आयफोन ४ आला, इंचाला ३२६ पिक्सेल घेऊन, आणि थोड्याच वर्षांत साध्या फोनमध्येही तशी दाट स्क्रीन आली. २०१४मध्ये २७ इंची ५के आयमॅक आला. त्यानंतर बरीच वर्षे २७ इंची ५के मॉनिटर बाजारात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते. फोनसाठी ज्या उद्योगाने दाट पॅनेल स्वस्त करून दाखवले, त्याने मॉनिटरसाठी ते करायचे ठरवलेच नाही.

त्याऐवजी मॉनिटरमध्ये काय वाढवले? हर्ट्झ. १४४, २४०, ३६०, मग ५००च्याही पुढे, आणि तेही बऱ्याचदा फुल एचडीतच. खेळणाऱ्यांना त्याचा उपयोग असेल, माझा आक्षेप नाही. पण कार्यालयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉनिटरवर १०० हर्ट्झ ही मोठी सुधारणा म्हणून दाखवली जाते आणि पिक्सेल जुनेच राहतात, याला माझा आक्षेप आहे. स्थिर पानावरचे अक्षर सेकंदाला १०० वेळा रंगवले म्हणून वाचायला सोपे होत नाही. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या सेवेच्या सर्वेक्षणात २०२५मध्येही निम्म्याहून अधिक संगणकांची मुख्य स्क्रीन १९२०×१०८०च होती, आणि ४के असलेले पाच टक्क्यांच्या आसपास. ही खेळासाठी चांगला संगणक घेणाऱ्या लोकांची आकडेवारी आहे. कार्यालयांत काय परिस्थिती असेल, ते रोज तिथे बसणाऱ्यांना सांगायला नको.

‘लोक मागत नाहीत’ असे तुम्ही म्हणता. कार्यालयातला मॉनिटर त्याच्यासमोर बसणारा माणूस विकत घेत नाही. खरेदी करणारा यादीत इंच बघतो, किंमत बघतो, हमी किती वर्षांची ते बघतो. इंचाला किती पिक्सेल, हा रकाना तुमच्या पत्रकात अनेकदा नसतोच. जी गोष्ट पत्रकात लिहिलेली नाही ती तो मागणार कशी? आणि ज्याला हवी आहे त्याला विचारायला कुणी येत नाही. संगणकाची ताकद कमी पडेल, हे कारणही आता उरलेले नाही. ज्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही असे साधे संगणकसुद्धा गेली अनेक वर्षे डिस्प्लेपोर्ट या जोडणीवरून ४के, ६० हर्ट्झ चालवतात. डिस्प्लेपोर्ट १.२ हे मानक २०१०चे आहे.

आता एचडीएमआय फोरमकडे, म्हणजे स्क्रीनला जोडणाऱ्या एचडीएमआय केबल-पोर्टचे मानक ठरवणाऱ्या संस्थेकडे वळतो. माझी तुमच्यावर विशेष नाराजी आहे, कारण सामान्य ग्राहकाला खात्रीने काही कळावे यासाठीच मानक असते. एचडीएमआय १.४मध्ये ४के फक्त ३० हर्ट्झपर्यंत चालायचे. माऊस हलवला की अडखळायचा. २०१३च्या २.०ने वेग सेकंदाला १८ गिगाबिटवर नेऊन ६० हर्ट्झ केले. २०१७च्या २.१ने ४८ गिगाबिटपर्यंत मजल मारली. इथपर्यंत सगळे समजण्यासारखे होते. २०२१मध्ये मात्र हे उघड झाले, की तुमच्या नियमांनुसार २.० हा वेगळा प्रकार आता अस्तित्वातच नाही, तो २.१मध्ये सामावला आहे, आणि २.१ची सगळी नवी वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत. म्हणजे जुन्याच १८ गिगाबिटच्या पोर्टवर कंपनी बिनदिक्कत ‘एचडीएमआय २.१’ लिहू शकते. नियमानुसार कंपनीने कोणती वैशिष्ट्ये दिली आहेत ते सांगणे अपेक्षित आहे, पण खोक्यावर मोठ्या अक्षरात आकडा असतो आणि तपशील पत्रकाच्या तळटिपेत. आकडा पाहून वस्तू घेणाऱ्या माणसाला मग घरी आल्यावर कळते, की ४के १२० हर्ट्झ नाही, किंवा आहे पण रंग अर्धे करून.

रंग अर्धे करणे म्हणजे काय, ते वाचकांसाठी सांगायला हवे. जोडणीची क्षमता अपुरी असली की उपकरणे प्रत्येक पिक्सेलचा उजेड पूर्ण पाठवतात, पण रंग दोन किंवा चार पिक्सेलांना मिळून एकच पाठवतात. ४:४:४ म्हणजे पूर्ण रंग, ४:२:२ आणि ४:२:० म्हणजे काटछाट. चित्रपट पाहताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. पण लाल रंगात केलेली दुरुस्ती किंवा निळ्या रंगातला दुवा वाचायला गेलात की अक्षराच्या कडेला रंग फुटलेला दिसतो. स्वस्त ४के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरून पैसे वाचवावेत, असा विचार अनेक जण करतात आणि नेमके इथे अडकतात. कित्येक टीव्हींवर पूर्ण रंग एखाद्याच पोर्टवर मिळतो, तोही सेटिंगमध्ये खोल दडलेला पर्याय चालू केला तर. बरे, ही माहिती पुस्तिकेत द्यायला कितीशी जागा लागते?

फोरमबद्दल आणखी एक. २०२४च्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीच्या अभियंत्याने जाहीरपणे सांगितले, की लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीसाठी एचडीएमआय २.१ची मुक्तस्रोत अंमलबजावणी करण्याचा त्यांचा प्रस्ताव फोरमने नाकारला. म्हणजे ग्राफिक्स कार्ड सक्षम, स्क्रीन सक्षम, केबल सक्षम, आणि तरीही मुक्त ड्रायव्हर वापरणाऱ्याला त्याने पैसे मोजून घेतलेले पिक्सेल पूर्ण वेगाने मिळत नाहीत. शाळा, ग्रंथालये, छोट्या संस्था, स्वतंत्रपणे काम करणारी माणसे अनेकदा लिनक्सवर असतात, कारण त्याला परवाना शुल्क नाही. तुमचा हा निर्णय ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनाच आधी लागतो. पुढे २०२५मध्ये ९६ गिगाबिटचे एचडीएमआय २.२ मात्र जाहीर झाले.

स्वस्त टीव्हीबद्दल थोडे वेगळे बोलायचे आहे. ४के टीव्ही परवडणारा झाला, यात काचेच्या कारखान्यांचा वाटा आहे, तसाच त्या टीव्हीतून चालणाऱ्या जाहिरातींचा आणि पाहणाऱ्याच्या माहितीचाही आहे. स्क्रीनवर काय चालले आहे याची छोटी छोटी नमुनाचित्रे घेऊन ती ओळखणारी यंत्रणा अनेक टीव्हींत असते. ती एचडीएमआय केबलवरून येणारे चित्रही ओळखू शकते. त्यासाठी टीव्हीचे स्वतःचे ॲप वापरायचीही गरज नसते. २०१७मध्ये ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने विझिओ या टीव्ही कंपनीचे प्रकरण २२ लाख डॉलरवर मिटवले. १ कोटी १० लाख टीव्हींवरून, पाहणाऱ्यांना नीट न सांगता, त्यांची पाहण्याची माहिती गोळा केल्याचा आरोप होता. पुढे त्याच कंपनीच्या हिशेबात यंत्र विकण्यापेक्षा जाहिरात आणि माहितीच्या व्यवसायातला नफा मोठा झाला. ही एका कंपनीची गोष्ट राहिलेली नाही, सगळ्या धंद्याचीच दिशा तशी झाली आहे. मला यात दोन गोष्टी खटकतात. एक, ग्राहकाला वाटते की वस्तू स्वस्त झाली. प्रत्यक्षात उरलेली रक्कम तो पुढे वर्षानुवर्षे आपल्या माहितीच्या रूपात फेडत राहतो आणि ती किती, हे त्याला कधी कळत नाही. दुसरी, मॉनिटर महाग राहण्याचे एक कारण यात दडलेले आहे. मॉनिटरवर तुम्हाला जाहिरात विकता येत नाही, म्हणून त्यात स्वतःच्या खिशातले काही घालायची तुमची तयारी नाही. मॉनिटरमध्ये जाहिराती आणा, असे मी अजिबात म्हणत नाही. पण टीव्हीची किंमत पाहून ‘४के आता सगळ्यांच्या आवाक्यात आले’ असे जाहीर करू नका.

८केबद्दल फार लिहीत नाही, कारण बाजारानेच त्याचा निकाल लावत आणला आहे. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १ डिसेंबर २०१८ रोजी ८के प्रक्षेपण सुरू केले, तो प्रयोग म्हणून मोठाच होता. पण त्या एका वाहिनीपलीकडे ८के कार्यक्रम जवळपास नाहीत. युरोपीय संघाने १ मार्च २०२३पासून विजेच्या वापराची जी मर्यादा लागू केली ती ८के टीव्हींना मोठी अडचण ठरली, आणि त्यावर तोडगा म्हणून खोक्यातून काढताना टीव्ही कमी उजेडाच्या अवस्थेत सुरू होईल अशी व्यवस्था करण्यात आली. काही कंपन्यांनी ८के टीव्ही आता बंदही केले. या सगळ्यात जी बुद्धी, जो पैसा, जी कारखान्याची क्षमता खर्च झाली तिचा काही भाग जरी २४ आणि २७ इंची दाट पॅनेलकडे वळला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. माझा राग याचा आहे.

आता स्ट्रीमिंग सेवा. तुम्ही ४केसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी, महाग योजना ठेवली आहे. पैसे घेता, मग मिळते काय? संगणकावर कुठला ब्राउझर, कुठली प्रणाली, कुठला प्रोसेसर, मॉनिटरमध्ये एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारे कुलूप) आहे की नाही, जोडलेल्या दुसऱ्या मॉनिटरमध्ये आहे की नाही, या सगळ्यांवर चित्र ठरते. एक अट चुकली की गुपचूप कमी रिझोल्यूशन येते. चूक कुठे आहे, हे स्क्रीनवर लिहून येत नाही. अगदी सुरुवातीला ज्यांनी ४के टीव्ही घेतले त्यांपैकी अनेकांच्या टीव्हीत एचडीसीपी २.२ नव्हते, आणि पुढे आलेले संरक्षित ४के चित्रपट त्यांना पाहताच आले नाहीत. स्क्रीनमध्ये पिक्सेल होते, कुलूप वेगळे होते. चकत्यांच्या बाबतीत तर याहून वाईट झाले. अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजे ४के चित्रपटांची चकती, संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागायची. ११व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून इंटेलने ती काढून टाकली. जुन्या संगणकावर चालणारी चकती नव्या, अधिक वेगवान संगणकावर अधिकृत मार्गाने चालेनाशी झाली. विकत घेतलेल्या वस्तूचे असे व्हावे, हे कोणत्याही हिशेबाने योग्य नाही.

आणि पिक्सेल पोहोचले तरी त्यात भरतात काय? अल्ट्रा एचडी ब्लू-रेला सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. स्ट्रीमिंगसाठी ४केला साधारण १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी, असे तुमच्यातलीच सगळ्यात मोठी सेवा सांगते. आधुनिक कोडेक (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धती) कार्यक्षम आहेत, दोन आकड्यांची सरळ तुलना होत नाही, हे मला कळते. पण धूर, पाऊस, अंधारातला भिंतीवरचा पोत अशा दृश्यांत चित्राचे चौकोन पडलेले कुणालाही दिसतात. चांगले १०८०पी (फुल एचडी) हे उपाशी ठेवलेल्या ४केपेक्षा अनेकदा बरे असते. त्यावर तुम्ही फक्त ‘४के’ असा बिल्ला लावता आणि ग्राहकाला मोजायला काही साधन देत नाही.

माझ्या मागण्या आता स्पष्टपणे मांडतो. मॉनिटर कंपन्यांकडे पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी: २७ इंच आणि त्याहून मोठ्या मॉनिटरची फुल एचडी मॉडेले बंद करा, आणि ४के ही या आकाराची सर्वसाधारण, सगळ्यात स्वस्त श्रेणी करा. एका वर्षात होणार नाही, हे मान्य. कधीपर्यंत कराल ते जाहीर करा. २७ इंची ५के पॅनेल एका-दोन कारखान्यांपुरते ठेवू नका. खोक्यावर आणि पत्रकावर इंचाला किती पिक्सेल हे इंचांच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. खरेदीच्या यादीत तो रकाना त्यामुळेच येईल. ओलेड मॉनिटरमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीपेक्षा वेगळी असते आणि त्यामुळे अक्षरांना रंगीत कड दिसते. ती मांडणी कशी आहे तेही पत्रकात सांगा. आणि मॉनिटरची चाचणी घेताना त्यावर देवनागरी, तमिळ, चिनी मजकुराचे पान उघडून, तो रोज वाचणाऱ्या माणसाला समोर बसवा.

एचडीएमआय फोरमने पोर्टच्या नावातला आकडा एकट्याने छापायला मनाई करावी. प्रत्येक पोर्टशेजारी सेकंदाला किती गिगाबिट, ४के किती हर्ट्झला पूर्ण रंगात, एवढ्या दोनच गोष्टी सक्तीने लिहायला लावाव्यात. मुक्तस्रोत ड्रायव्हरला परवानगी द्यावी. न देण्याचे कारण असेल तर ते लेखी, सार्वजनिक करावे.

टीव्ही कंपन्यांनी पाहणाऱ्याची ओळख पटवणारी यंत्रणा सुरुवातीला बंदच ठेवावी, आणि चालू करायची की नाही हे एका साध्या प्रश्नाने विचारावे. इंटरनेट न जोडता टीव्ही पूर्ण रिझोल्यूशनने आणि सगळ्या पोर्टांसह चालला पाहिजे. ज्याला जाहिराती आणि ॲप नकोतच, त्याच्यासाठी तेच पॅनेल साध्या स्क्रीनच्या रूपात विकावे. त्याची किंमत थोडी जास्त असली तरी चालेल, मात्र ती खरी किंमत असावी. सगळ्या पोर्टांवर पूर्ण रंग द्यावेत. देता येत नसतील तर कोणत्या पोर्टवर नाहीत ते मागच्या बाजूला पोर्टशेजारीच छापावे.

स्ट्रीमिंग सेवांनी ४केचे पैसे घेतले की संगणकावरही ४के द्यावे, नाहीतर पैसे घेताना या यंत्रावर ते मिळणार नाही असे आधी सांगावे. चालू चित्राचे रिझोल्यूशन आणि बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट) पाहण्याची सोय प्रत्येक ॲपमध्ये असावी, आणि कमी रिझोल्यूशन येत असेल तर नेमकी कोणती अट अडते आहे ते एका ओळीत दाखवावे.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवे संशोधन लागत नाही. खोक्यावरची चार ओळींची छपाई, एखादी सेटिंग आणि एक निर्णय लागतो. मॉनिटरची मागणी तेवढी खर्चाची आहे. तिच्यासाठी मी आणि माझ्यासारखे वाचणारे, लिहिणारे, हिशेब तपासणारे, भाषांतर करणारे लोक थोडे अधिक पैसे द्यायला तयार आहोत, आणि आपापल्या कार्यालयांतही तसा आग्रह धरणार आहोत. आमच्या कार्यालयाच्या पुढच्या खरेदीच्या यादीत इंचाला किमान १६० पिक्सेल ही अट घालावी, असे मी लेखी कळवले आहे. ती अट पूर्ण करणारे, कार्यालयाला परवडेल असे मॉडेल तुमच्यापैकी कोण आणि कधी बाजारात आणणार, याचे उत्तर मला हवे आहे, आणि ते जाहीरपणे हवे आहे.

आपला,
एक मुद्रितशोधक